काळी बाजू, पिवळी बाजू: बोरन्हाणाच्या एका फ्रॉकचं प्रकरण

डिसेंबर २०२४ संपत आला होता तेव्हा भाचीचा फोन आला. "मावशी, छकुलीचं पहिलं बोरन्हाण २ फेब्रुवारीला करतोय, रविवार आहे म्हणून. तू काळं काहीतरी शिवशील ना? फक्त ते नंतर कपाटात पडून राहणारं नको." तिचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण आपल्याकडे दर वर्षी हेच होतं, संक्रांत ते रथसप्तमी एवढ्या दिवसांत एकदा हौसेनं काळं झबलं शिवायचं, हलव्याचे दागिने घालायचे, फोटो काढायचे, मग वर्षभर घरातली मोठी माणसं म्हणणार बाळाला काळं नको गं घालू, आणि पुढच्या संक्रांतीपर्यंत ते लहान झालेलं असतं. भाचीनं मोबाईलवर एक फोटो पाठवला होता, रिव्हर्सिबल रॅप फ्रॉकचा, पुढचे दोन भाग, म्हणजे पल्ले, एकावर एक येणारे आणि कमरेला नाडी बांधायची. एक बाजू काळी ठेवायची, उलटला की रोजचा हलका रंग.

मी घरी शिवणक्लास घेते त्याला २२ वर्षं झाली. दोन्ही बाजूंनी घालायचे स्कर्ट केलेत, जाकिटं केलीत, पण इतक्या लहान बाळासाठी असं काही केलं नव्हतं. हे सगळं सविस्तर लिहितेय कारण पहिला अख्खा फ्रॉक वाया गेला आणि दुसरा जमला, आणि मधल्या दोन आठवड्यांत जे कळलं ते मी इतकी वर्षं क्लासमधे कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

मापं घ्यायला मी पिंपरीला गेले. छकुली नऊ महिन्यांची व्हायची होती, रांगत होती, टेप दिसली की ती ओढून तोंडात, त्यामुळे ती झोपल्यावर परत एकदा घेतली. छाती साडेसतरा इंच, डायपरवरून पोट एकोणीस, शोल्डर साडेसात, फ्रॉकची उंची मी १४ इंचच धरली. रांगणाऱ्या मुलीला लांब फ्रॉक घालू नये, गुडघा घोळावर पडतो आणि मूल तोंडावर येतं, त्यामुळे गुडघ्याच्या वर थांबायचं. रॅपचा मोठा फायदा म्हणजे डोक्यातून काही घालावं लागत नाही. छकुलीला गळा डोक्यावरून काढताना एक क्षण अंधार झालेला अजिबात सहन व्हायचा नाही, किंकाळ्या फोडायची, त्यामुळे भाचीला हाच प्रकार हवा होता आणि ते बरोबरच होतं. कापड पसरायचं, बाळाला वर झोपवायचं, हात घालायचे, पुढून बंद करायचं, झालं. आपलं जुनं अंगडं असंच असायचं.

पहिल्या वेळी मी रविवार पेठेत जाऊन काळं पॉपलीन आणलं आणि आतल्या बाजूला म्हणून पांढरं मलमल, त्यावर बारीक हिरवी बुट्टी. "आतल्या बाजूला म्हणून" हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत, कारण सगळी चूक तिथेच आहे. माझ्या डोक्यात काळं म्हणजे बाहेरचं आणि मलमल म्हणजे अस्तर असंच बसलेलं होतं, आयुष्यभर अस्तरं लावण्यात गेल्यावर दुसरं काय सुचणार.

काळं कापड रात्रभर भिजत घातलं, सकाळी बादलीतलं पाणी शाईसारखं. परत धुतलं, परत धुतलं, तिसऱ्या वेळी पाणी स्वच्छ आलं तेव्हा मी म्हटलं आता रंग पक्का. शेजारच्या काकूंनी मीठ आणि व्हिनेगर घाल म्हणून सांगितलं, पुष्कळ जणी सांगतात, पण गिरणीत रंगवून आलेल्या सुती कापडाचा रंग मिठा-व्हिनेगरनं पक्का होत नाही, सुटणारा रंग सुटतच राहतो. मी ते केलं नाही. कटिंग केलं, शिवलं, उलटवलं, आणि शेवटची इस्त्री करायला त्यावर ओला पांढरा रुमाल टाकून दाबलं. रुमाल उचलला तर त्यावर गळ्याचा आणि मुंढ्याचा आकार करड्या रंगात उमटलेला.

पाण्यात रंग न सुटणं आणि घासल्यावर रंग न लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या रुमालानं दाखवलं. कापडाच्या लॅबमधेसुद्धा या दोन टेस्ट वेगळ्या असतात, घासण्याच्या टेस्टमधे पांढरं सुती कापड मशीनच्या दांड्याला लावून नमुन्यावर दहा वेळा मागे-पुढे घासतात, एकदा कोरडं आणि एकदा ओलं, आणि पांढऱ्यावर किती डाग पडला ते बघून १ ते ५ मार्क देतात. काळ्या आणि गडद रंगांना ओल्यात कमी मार्क मिळणं नेहमीचं आहे. सुती काळ्यासाठी सल्फर ब्लॅक हा रंग भरपूर वापरतात कारण तो स्वस्त पडतो, आणि ओल्या घासण्याला तो कच्चाच. आता बाळाचं बघा. बाळ दिवसभर ओलं असतं. लाळ गळ्यापासून छातीपर्यंत, मानेच्या घडीत घाम, आंघोळीआधी तेल, दूध सांडलेलं, आणि रांगताना प्रत्येक हालचालीला कापड अंगाला घासतंय. काळी बाजू बाहेर असेल त्या दिवशी ठीक आहे, अंगाला पांढरं मलमल आहे. पण ज्या दिवशी आपण हौसेनं उलटवून पांढरी बाजू बाहेर करणार त्या दिवशी ते काळं थेट कातडीला. आणि काळी बाजू वर्षात एक दिवस बाहेर येणार, बाकीचे सगळे दिवस ती आतच, म्हणजे मी जिला बाहेरची समजून निवडली ती खरं तर आतली बाजू होती.

माझ्या मते पूर्ण विषयाचं सार हे एवढंच आहे. दोन्ही बाजूंनी घालता येतो म्हणजे दोन्ही बाजू अंगाला लागतात. असा कपडा बाळाला करायचा तर त्याला अस्तर नाहीच, दोन आतल्या बाजू आहेत असं धरून सगळं ठरवायचं, कापड, धागा, शिलाई, बटण, लेस, सगळं. जरीची लेस लावायचा विचार मी काळ्या बाजूच्या घोळाला करत होते, तो तिथेच सोडला, कारण उलटवल्यावर ती लेस मांड्यांना घासणार. खणाचं कापड सुद्धा मी याच कारणासाठी नाही म्हणेन, खणाच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे दोन थरांच्या मधे जातात हे खरं, पण चमकणारी सुलटी बाजू तरी अंगाला कशाला लावायची.

त्या पहिल्या फ्रॉकमधे अजून दोन गोष्टी चुकल्या होत्या. पांढऱ्या मलमलखालून काळं दिसत होतं, पांढरं पांढरं न राहता राखाडी मळकट दिसत होतं, जणू धुतलंच नाहीये. मधे तिसरा पांढरा थर घालून ते झाकता आलं असतं, फेब्रुवारीच्या थंडीत चाललंही असतं, पण पुण्यात मार्च लागला की तीन थरांत पोर उकडून निघेल. आणि दुसरी गोष्ट नाडीची. फोटोतल्यासारखी मी उजव्या कुशीच्या शिलाईत एक इंचाची फट ठेवली होती, आतल्या भागाची नाडी त्या फटीतून बाहेर काढायची, पाठीमागून फिरवायची आणि दुसऱ्या नाडीला बांधायची, मोठ्यांच्या रॅप ड्रेसला करतात तसं. त्यासाठी एकेक नाडी जवळजवळ २४ इंच झाली. बाळ झोपल्यावर पाठीखाली नाडी येते, गाठ टोचते, आणि रांगताना सुटली तर दोन फूट नाडी मागे ओढत जाते. बाळाच्या अंगावर एवढी लांब नाडी मला बघवेना. भाचीनं काही म्हटलं नसतं, पण तो फ्रॉक मी दिला नाही. १२ जानेवारीची रात्र होती ती. बोरन्हाणाला तीन आठवडे.

संक्रांतीला मी ताईकडे गेले, म्हणजे भाचीच्या आईकडे, छकुलीची आजी. ताईनं वाण लुटायला काळी सुती साडी नेसली होती, बारीक लाल काठाची, घरात तिला सगळे ताईची चंद्रकळाच म्हणतात. भाची शाळेत असताना घेतलेली, दर संक्रांतीला नेसून नेसून आणि मधे मधे घरात वापरून इतकी मऊ झालेली की हातात घेतली की पाण्यासारखी घसरायची. मी तिच्या पदराचं टोक ओलं करून माझ्या पांढऱ्या रुमालावर घासलं, तिथेच, हळदीकुंकवाच्या गर्दीत. काही लागलं नाही. परत जोरात घासलं. रुमाल पांढराच. पंधरा-सोळा वर्षांच्या धुण्यात जेवढा रंग सुटायचा तेवढा केव्हाच सुटून गेला होता. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं मग काप की, नातीच्या अंगावर जाईल, याहून चांगलं काय?" आपल्याकडे पूर्वीपासून बाळाचं पहिलं झबलं आजीच्या जुन्या लुगड्याचं असायचं, मऊपणासाठी असतं एवढंच मी ऐकून होते, रंगाचा पक्केपणाही त्यातच आला हे त्या दिवशी हाताला लागलं.

पण जुनं कापड आहे म्हणून डोळे झाकून कापायचं नाही. साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. पायाजवळची किनार फरशीला घासून विरते, बसण्याचा भाग पातळ होतो, निऱ्यांच्या घड्यांवर रेघा पडतात. शिवाय सल्फर ब्लॅकनं रंगवलेलं कापड वर्षानुवर्षं ठेवलं की आतून कमजोर होतं, वरून धडधाकट दिसतं आणि ओढलं की टर्रकन फाटतं. म्हणून मी साडी उजेडापुढे धरून हात-हातभर बघत गेले आणि दोन्ही अंगठे जवळ ठेवून उभं-आडवं ताणून बघितलं. सगळ्यात चांगला भाग निघाला तो नेसताना आत खोचतात त्या पहिल्या फेऱ्याचा, त्याला ऊन लागत नाही म्हणून काळाही तसाच दाट होता आणि धागाही टिकून होता. तेवढाच कापला. बाकीची साडी घडी घालून ठेवली.

दुसऱ्या बाजूला पांढरं नकोच हे ठरलेलं होतं. हळदीच्या रंगाचं कॅम्ब्रिक घेतलं, त्यावर बारीक लाल बुट्टी दाट पसरलेली. दुकानातच काळ्या तुकड्यावर धरून पाहिलं, खालचं काळं जाणवत नव्हतं, पिवळा जरा गडद वाटत होता एवढंच. घरी आणून ओला रुमाल घासला, दोन्ही रंगांवर, पिवळ्यावर आणि लालवर वेगवेगळा, कारण बुट्टीचा रंग कधी कधी वेगळाच वागतो. मग दोनदा गरम पाण्यातून काढलं. मीटरमागे दीड इंच आटलं. साडी तर आटून आटून स्थिर झालेली, तिला आता काही होणार नव्हतं, पण कोरं कॅम्ब्रिक तसंच जोडलं असतं तर पहिल्या धुण्यात पिवळी बाजू आखडली असती आणि काळी फुगली असती, घोळाला चुण्या पडल्या असत्या, आणि चारी बाजूंनी बंद कपड्यात ते नंतर दुरुस्त करता येत नाही.

आता बांधायचं कसं. बटण मला नको होतं, टिचबटण सुद्धा एका बाजूला कडक टोपी आणि दुसऱ्या बाजूला खुंटी, काहीतरी एक अंगाला लागणारच. मी टिश्यू पेपरचा छोटा नमुना केला, एका बाजूला पेनानं काळं केलं, आणि उलटवत बसले. फटीच्या पद्धतीत एक गंमत दिसली, उलटवलं की फट डाव्या कुशीला जाते आणि पुढचा पल्ला आधी उजवा वर होता तो आता डावा वर येतो. चालतं, पण भाचीला घाईत कळणार नाही कुठला पल्ला आधी घ्यायचा. मग आठवली बाराबंदी. जुन्या बाराबंदीला, अंगरख्याला बंद, म्हणजे बांधायच्या छोट्या नाड्या, असतात त्या जोडीजोडीनं, एक आत आणि एक बाहेर, आतला पल्ला आत बांधायचा आणि मग वरचा पल्ला बाहेर. नमुन्याला चार बंद लावले, दोन पल्ल्यांच्या टोकांना आणि दोन कुशीत, आणि उलटवला. जे झालं ते बघून मी परत उलटवला, परत उलटवला, तीनदा खात्री केली. उलटवल्यावर आतला बंद आपोआप बाहेर येतो आणि बाहेरचा आत जातो, खालचा पल्ला वर येतो आणि वरचा खाली, आणि सगळं जिथल्या तिथे बसतं! फट लागत नाही, लांब नाडी लागत नाही, पाठीमागे काही फिरत नाही. आणि दोन्ही वेळा उजवाच पल्ला वर. म्हणजे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली बांधणी मुळातच उलटसुलट घालता येण्यासारखी आहे आणि मी फोटोतली फट शिवत बसले होते.

शिवायला हे आणखी सोपं, कारण काळा थर आणि पिवळा थर अगदी एकसारखे करायचे. प्रत्येक थर स्वतःच्या सुलट बाजूनं घातलाय असं डोळ्यापुढे आणायचं आणि घालणाऱ्याच्या डाव्या कुशीत एक बंद. काळ्यात डावीकडे, पिवळ्यातही डावीकडे. जोडल्यावर ते आपोआप समोरासमोरच्या कुशींत येतात. बंद ७ इंचांचे ठेवले, बांधून गाठ मारली की तीन-चार इंच लोंबतात, तेही कुशीला, पोटाखाली नाही आणि पाठीखाली नाही. गळ्याजवळ एकही बंद नाही, बाळाच्या गळ्याशी दोरी नसावीच.

कटिंगचं थोडक्यात सांगते. मागचा भाग छातीत १० इंच, घोळात १५. पुढचा प्रत्येक पल्ला छातीत साडेआठ, म्हणजे मध्यापासून साडेतीन इंच पुढे जातो. मागचा गळा साडेतीन रुंद, खांदा दोन इंच. खांदा दोनच्या खाली नेऊ नका, कारण अख्खा पुढचा भाग त्या दोन इंचांच्या बोगद्यातून ओढून काढायचाय. क्रम असा: दोन्ही थरांचे खांदे आपापले जोडायचे, मग सुलटावर सुलट ठेवून गळा आणि पुढची तिरकी कड एका दमात, बंद आत सरकवून, मग दोन्ही मुंढे. वळणावर बारीक चिरा द्यायच्या, शिलाईच्या दोन धागे अलीकडे थांबायचं. मागच्या बाजूनं हात घालून खांद्यातून पुढचे पल्ले बाहेर ओढायचे. मग कुशी, काळ्याच्या आणि पिवळ्याच्या एकाच सरळ रेषेत. शेवटी परत उलट करून घोळ, मागच्या मध्यावर तीन इंच मोकळं सोडून, तिथून सगळं सुलट करायचं आणि ते तोंड हातानं बारीक टाक्यांनी बंद. कुठेही कच्ची कड नाही, गाठ नाही, दोरा नाही. मी एक बंद वर पिन करायची विसरले आणि तो घोळाच्या शिलाईत अडकला, रात्री अकराला उसवून परत केलं. बंद सगळे मधे गुंडाळून सेफ्टी पिननं धरून ठेवा.

गळ्याच्या तिरक्या कडेबद्दल मात्र जरा सावकाश सांगायला हवं कारण रॅप फ्रॉक बिघडतो तो इथेच. ही कड कापडाच्या उरेबावर, म्हणजे तिरक्या धाग्यावर, येते, उरेब ताणला जातो, नुसतं टेबलावरून उचललं तरी अर्धा इंच वाढतो, आणि मग छातीवर तोंड उघडं पडतं, पल्ला बसतच नाही. जुनं मऊ कापड तर जास्तच. मी साडीच्या काठाची दोन सुतं, म्हणजे पाव इंच, रुंद पट्टी कापली, काठ सरळ धाग्याचा असतो, तो ताणत नाही. कागदी नमुन्यावर कडेची लांबी मोजून तेवढीच पट्टी घेतली आणि काळ्याच्या उलट बाजूला कडेलगत धावदोऱ्यानं बसवली, कापड पट्टीला जुळवायचं, पट्टी कापडाला नाही. तो लाल काठ आता दोन थरांच्या मधे आहे, कुणाला दिसत नाही, ताईला मात्र मी सांगितलंय कुठे आहे ते.

कडेला वरून शिलाई मारावी लागतेच, नाहीतर काळं गोल फिरून पिवळ्या बाजूला डोकावतं. नेहमीच्या फ्रॉकला आपण आतल्या बाजूलाच शिलाई मारून कड दाबतो, इथे आतली बाजूच नाही. वर पिवळा दोरा, बॉबिनमधे काळा, सुई ११ नंबरची, टाका बारीक. माझ्या पायमशीनचा ताण वरून थोडा घट्ट होता, त्यामुळे पिवळ्या बाजूला प्रत्येक टाक्यात काळ्याचा टिपका वर यायला लागला, मोहरी सांडल्यासारखी रेघ. वरचा ताण हळूहळू सैल करत गेले, उरलेल्या तुकड्यांचं तसंच सँडविच करून त्यावर आठ-नऊ रेघा मारून बघितल्या, गाठ दोन थरांच्या मधोमध बसली तेव्हाच फ्रॉकला हात लावला. तुकड्यावर बघितल्याशिवाय हे करूच नका.

आणि मायेचं, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीच्या सोडलेल्या कापडाचं. आपल्याकडे लहान मुलांच्या कपड्याला कुशीत, घोळात भरपूर माया सोडायची पद्धत, सहा महिन्यांनी उसवून वाढवता येतं. या कपड्यात ते जमत नाही, माया पाव इंच आणि तीही दोन थरांच्या पोटात बंद. वाढ ठेवायची ती पल्ल्यात. साडेतीन इंच जास्तीचा पल्ला मी त्यासाठीच घेतला, बाळ भरलं की एकावर एक येणारा भाग कमी होत जातो, बंद मात्र कुशीशी पोचतात तोवर कपडा होतो.

बोरन्हाणाच्या दिवशी छकुली पाटावर बसली, काळी बाजू बाहेर, हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद. कमरपट्टा घालताना बंदाच्या गाठीवर तो नीट बसेना, म्हणून गाठ जरा मागे सरकवली. हलव्याला काटे असतात, हाराखाली दोन थर असल्यामुळे ते अंगाला टोचले नाहीत हे चांगलं झालं. लाळेनं हाराचा खालचा हलवा विरघळून कापडाला चिकटला, तो नंतर कोमट पाण्यानं निघाला. मग डोक्यावरून ओतलं, चुरमुरे जास्त, बोरं आणि हरभरे थोडेच, उसाचे करवे नुसते बाजूला ठेवले, शेजारची सगळी पोरं वेचायला तुटून पडली. आणि इथे एक गोष्ट कळली जी कुठल्याही कागदी नमुन्यात कळली नसती. संध्याकाळी कपडा काढताना पल्ल्याच्या मधून चुरमुरे गळायला लागले, बरेच, आणि त्यात एक ओला हरभरा. समोर तिरका गळा म्हणजे वरून उघडा खिसाच, आणि खाली बंद बांधलेला असल्यामुळे जे आत गेलं ते तिथेच थांबलं. नऊ महिन्यांच्या मुलीच्या हाताशी, तोंडापासून एक वीत अंतरावर हरभरा दीड तास होता. माझ्या छातीत धस्स झालं. तिला काही झालं नाही, पण बोरन्हाणासाठी रॅप शिवणाऱ्या प्रत्येकीला मी हे पहिलं सांगते, त्या दिवसापुरते गळा जिथे एकमेकांवर येतो तिथे चार-पाच कच्चे टाके घाला, रात्री उसवा, आणि पुढच्या कपड्याला गळा मुळातच इंचभर वर मिटेल असा कापा. आणि ओतायला बाळ लहान असेल तर चुरमुरेच पुरेत.

फेब्रुवारीपासून तो पिवळ्या बाजूनं रोजच्या वापरात आला. मी भाचीला सांगून ठेवलं होतं की आतून पांढरी बंडी घालू नको, मला बघायचंय. काळं थेट अंगाला लागत होतं, लाळ, तेल, घाम सगळं होतं, आणि डायपरच्या पांढऱ्या कडेला मी दर वेळी बघायचे, करडी रेघ एकदाही आली नाही. मे महिन्यात मात्र दोन थर जड व्हायला लागले, दुपारी घालणं बंद केलं. पावसाळ्यात वाळायला बाकीच्या कापडापेक्षा शिलाईच्या कडा जास्त वेळ घ्यायच्या, तिथे चार पदर येतात. ऑगस्टपर्यंत घोळ मांडीवर आला तेव्हा लेगिंगवर टॉपसारखा घातला. जानेवारीत दुसऱ्या बोरन्हाणाला छकुली २१ महिन्यांची, छाती एकोणीसच्या पुढे, बंद जेमतेम कुशीला पोचत होते, पण पोचले, आणि भाचीनं तो काळ्या बाजूनं परत घातला.

आता तो माझ्याकडे आलाय. काळ्याची घोळाची घडी तपकिरी झालीये, एक बंद टोकाला उसवलाय. भाचीला मोठ्या मापाचा हवाय, दुसऱ्या बाजूला या वेळी हिरवं म्हणते. ताईच्या साडीची घडी काल उघडून उजेडापुढे धरली, चांगलं काळं अजून सव्वा मीटर आहे, पदराचा भाग सोडून. हिरव्यासाठी उद्या बाजारात जायचंय, पर्समधे पांढरा रुमाल आणि पाण्याची छोटी बाटली ठेवलीये.